बिल्ला आणि साखळी

पुण्याच्या खडकीत दुचाकी राखायची पहिली शिस्त कारखान्याच्या भोंग्याने लावली. दारूगोळा कारखाना १८६९चा. माझे वडील तिथे लागले तोवर कामगाराचं वाहन म्हणजे सायकल असं ठरूनच गेलं होतं. भोंगा व्हायच्या आधी दापोडी-बोपोडीकडून, औंध रोडने, शिवाजीनगरच्या बाजूने सायकलींची रांग लागायची. फाटकावर झडती. विडी-काडी आत न्यायला सक्त मनाई, कारण आत दारू भरली जायची. जिथे माणसाच्या खिशातली काडेपेटीसुद्धा बाहेर राहते, त्या पहाऱ्याखाली सायकलीला हात लावायला कोण धजणार? स्टँडवर ओळीने सायकली उभ्या असत आणि त्यांतल्या कितीतरी सायकलींना कुलूपच नसे.

फाटकाबाहेर हा पहारा नव्हता, तिथे स्टँडवाला होता. रेल्वे स्टेशनवर, सिनेमाच्या थिएटराबाहेर, बाजाराच्या तोंडाशी एक माणूस बसलेला असे. त्याच्याकडे पत्र्याच्या बिल्ल्यांची माळ, एका आकड्याचे दोन बिल्ले. एक तो हँडलला अडकवायचा, दुसरा आपल्या हातात द्यायचा. परत आल्यावर दोन्ही आकडे जुळले की सायकल आपली. बिल्ला हरवला तर भांडून उपयोग नसे. सिनेमाचा शेवटचा खेळ सुटेपर्यंत थांबायचं, सगळे आपापल्या सायकली घेऊन गेले की उरेल ती आपली. वडील माझ्यासमोर असे एकदा थांबले होते आणि त्यांना त्या थांबण्याचा राग आला नव्हता. स्टँडवाल्याने जर कुणाच्याही सांगण्यावरून सायकल दिली असती तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार, असं ते म्हणाले.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण आज माझ्या मोटारसायकलवर कुलपासकट चार किलोची साखळी असते आणि ती जे काम करते ते तेव्हा त्या माणसाचं होतं. त्याचे दहा-वीस पैसे देऊन आपण राखणीची काळजी त्याच्या हवाली करत होतो. ती काळजी फिरून आपल्याच अंगावर कशी आली, ते खडकीतच नीट दिसतं, कारण इथे वाहन आणि वाहनाची राखण या दोन गोष्टी फार जुन्या आहेत.

किती जुन्या, तर ५ नोव्हेंबर १८१७ इतक्या. त्या दिवशी इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे आला, आणि पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या घोडदळाने इथल्या मैदानावर चाल केली. दलदलीत घोडे अडकले आणि तो हल्ला फसला, हे शाळेत सगळे शिकतात. शिकवत नाहीत ते हे की त्या घोड्यांचे मालक वेगवेगळे होते. बारगिराखालचा घोडा सरकारी किंवा सरदाराचा. शिलेदाराचा घोडा त्याच्या घरचा. मुक्कामाला दोघांचेही घोडे आगाडी-पिछाडीने मेखांना बांधले जात आणि घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार त्यांच्यापाशी झोपे. पण घोडा गेला तर बारगिराला दुसरा मिळे. शिलेदाराची मात्र पोटाची वाटच बंद होई.

इंग्रजांनीही ही शिलेदारीची रीत आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली. १८१७च्या पुणे तहातून जी पूना ऑक्झिलरी हॉर्स उभी राहिली, जिला नंतर पूना हॉर्स म्हणू लागले, ती अशीच पलटण. स्वार स्वतःचा घोडा घेऊन किंवा त्याचे पैसे भरून भरती होई. मला या व्यवस्थेतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. रिसाल्यात चंदा असे. प्रत्येक स्वाराच्या पगारातून दर महिन्याला थोडी रक्कम कापली जाई आणि कुणाचा घोडा गेला की त्या फंडातून दुसरा उभा करत. एकट्या माणसाचं नुकसान साऱ्या रिसाल्यात वाटलं जाई. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी पद्धत मोडली आणि चंदाही गेला.

दुसऱ्या महायुद्धात खडकी मोटारींनी भरली. तेव्हाच्या लष्करी मोटारसायकली म्हणजे बीएसएची एम-ट्वेंटी आणि नॉर्टनची सिक्स्टीन-एच. युद्ध संपल्यावर फौजेचा असा माल लिलावात निघाला आणि डिस्पोजलच्या गाड्या पुण्याच्या गॅरेजांत आल्या. मी उमेदवारी करत होतो तेव्हा जुने मिस्त्री त्यांच्या आठवणी सांगत. या गाड्यांना इग्निशनची चावीच नव्हती. ठिणगी मॅग्नेटोची, बॅटरीशी तिचा संबंध नाही. ज्याला किक मारता येते त्याची गाडी. पण ती किक मारणं हीच एक विद्या होती. व्हॉल्व्ह उचलायची तरफ दाबून पिस्टन नेमक्या जागी आणायचा, ठिणगीची वेळ हँडलवरच्या दांड्याने मागे घ्यायची, मग एकच पूर्ण किक. नवख्याने घाई केली तर किकचा दांडा उलटा येऊन पाय मोडायचा. शिवाय मालक उतरताना प्लगची वायर काढून खिशात टाकायचा. इंग्लंडात १९४०मध्ये उभी मोटार शत्रूच्या कामी येऊ नये म्हणून डिस्ट्रिब्यूटरचा रोटर काढून नेण्याची सक्ती होती. त्यातलाच हा प्रकार. जीपला तर स्टीअरिंगच्या चाकातून साखळी ओवून कुलूप घालत. वाहनाला साखळी-कुलूप ही कल्पना आपल्याकडे फौजेच्या रस्त्याने आली असावी असं मला वाटतं.

स्कूटर आली आणि प्रश्नाचं स्वरूप बदललं. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा काढली, परवाना संपल्यावर १९७२मध्ये चेतक आणली. त्याच साली फिरोदियांची लूना आली. चेतकसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबत. मुलगा दहावीत असताना नोंदवलेली स्कूटर तो नोकरीला लागल्यावर दारात येई. अशी गाडी चोरीला गेली तर पैसे जमवूनही दुसरी मिळणार नव्हती, पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं. म्हणून खडकी बाजारातल्या जुन्या घरांत स्कूटर रात्री बाहेर राहतच नसे. ओट्यावर फळी टाकून ती आत घेत, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवत. घरभर पेट्रोलचा वास. बाहेर असताना चोरांचा डोळा बहुतेक स्टेपनीवर असे, म्हणून स्टेपनीलाच वेगळं कुलूप लावणारे लोक होते.

त्या काळातल्या मोटारसायकलींना इग्निशनची चावी एक, हँडल लॉकची दुसरी, टाकीची किंवा डिकीची तिसरी. चाव्यांचा जुडगा जड, पण कुलपं हलकी. हँडल लॉक म्हणजे स्टीअरिंगच्या नळीत शिरणारी बोटभर लांबीची एक पिन. हँडलला दोन्ही हातांनी लटकून एका बाजूला जोराचा हिसका दिला की ती पिन मोडते किंवा तिचं घर फाटतं. मग इग्निशनच्या दोन वायरी जोडायच्या. त्याला आजही गाडी ‘डायरेक्ट’ करणं म्हणतात. चावीची गोष्ट तर आणखी सोपी. वर्षानुवर्षं वापरून चावीचे दाते झिजतात, कुलपाच्या आतल्या पत्र्याही झिजतात, आणि एका गाडीची चावी दुसऱ्या गाडीला लागते. कारखान्याच्या स्टँडवर आम्ही हे हसत करून पाहायचो. स्टेशनबाहेर तेच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

मग गाड्या मुबलक झाल्या. १९८५मध्ये हीरो होंडाची सीडी-हंड्रेड, २००१मध्ये पल्सर, आणि रांगेत थांबणं इतिहासजमा. घराघरात दोन गाड्या आल्या. घर तेवढंच राहिलं, म्हणून गाडी ओट्यावरून रस्त्यावर आली. या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान झालं ते स्टँडवाल्याचं, आणि त्याची दखल कुणी घेतली नाही. त्याच्या जागी पावती फाडणारा आला. त्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं की वाहन मालकाच्या जबाबदारीवर उभं केलं आहे. पैसे त्यांनी घ्यायचे आणि जबाबदारी आपण. बिल्ल्याने उचललेला भार या एका ओळीने खाली ठेवला.

कायद्याने ही ओळ सरसकट मान्य केलेली नाही, हे मला उशिरा कळलं आणि ते सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं. १८७२च्या करार कायद्यात निक्षेप म्हणून प्रकरण आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात घेणाऱ्याने ती, साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जितकी जपेल तितकी जपली पाहिजे, असं त्यातलं १५१वं कलम सांगतं. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८मध्ये एका पाहुण्याची मोटार चोरीला गेली होती. ते प्रकरण २०१९च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. पार्किंगच्या चिठ्ठीवर मालकाची जोखीम असं छापलं म्हणून हॉटेलला स्वतःच्या हलगर्जीतून सुटता येत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तिथे मोटारीची चावी हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली होती. स्टेशनबाहेर आपण गाडी आपणच लावतो आणि चावी खिशात घालतो, म्हणून आपलं दुखणं तितकं सरळ सुटत नाही. तरी पैसे घेऊन राखायला बसलेल्या माणसाने काहीच देणं लागू नये, हे मला पटत नाही.

माझ्या एका मित्राची गाडी अशाच पावतीवर गेली. रुग्णालयात नातेवाइकाजवळ रात्र काढून तो पहाटे खाली आला तर जागा रिकामी. पोलिसांत फिर्याद, मग गाडी न सापडल्याचा ‘अ’ समरी अहवाल, तो मिळेपर्यंत कित्येक महिने, आणि विमा कंपनी म्हणते दोन्ही चाव्या आणा. दोन्ही चाव्या हाती असणं हा मालकाने चावी निष्काळजीपणे कुलपातच सोडली नव्हती याचा पुरावा मानला जातो. घरातल्या डब्यात पडलेली ती दुसरी चावी किती मोलाची असते हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी साखळी घ्यायची ठरवली, आणि मी टूलरूमचा फिटर असल्यामुळे ती नुसती विकत घेणं मला जमणारच नव्हतं. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं आहेत, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मी खिशात छोटी कानस घेऊन गेलो. दुकानदाराच्या परवानगीने कडीच्या आतल्या बाजूला कानस ओढायची. कानस चावली, भुगा पडला, तर ते साधं लोखंड. चकचकीत प्लेटिंग केलेलं असलं तरी हातभर कटरने ते तुटणार. कानस काचेवरून जावी तशी निसटली तर वरचा थर कडक केलेला आहे. पण कडी आतपर्यंत तितकीच कडक असेल तर थंडीत हातोड्याच्या घावाने ती तडकते. चांगल्या साखळीची कडी बाहेरून कडक आणि गाभ्यात चिवट हवी. ज्याला आम्ही केस हार्डनिंग म्हणतो ते हेच. आता मिश्र पोलादाच्या साखळ्या मिळतात, चौकोनी किंवा षट्कोनी छेदाच्या. सपाट बाजूवर कटरचे दोन जबडे एका बिंदूवर न येता पसरून बसतात, म्हणून त्या कापायला जड जातात.

जाडी आणि वजन यांचा हिशोब निर्दय आहे. दहा मिलिमीटर कडीची मीटरभर साखळी दोन किलोच्या वर भरते, बारा मिलिमीटरची तीनच्या वर. सहा-सात मिलिमीटरची साखळी मोठ्या कटरला फार वेळ थोपवत नाही. बारा मिलिमीटरची कडी साध्या हातकटरच्या जबड्यात नीट मावतही नाही. विजेच्या ग्राइंडरपुढे मात्र कोणतंही पोलाद थांबत नाही. फक्त तिथे आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ लागतो, आणि भर वस्तीत चोराला नको असतात त्या याच तीन गोष्टी.

कुलपाचं वेगळं. आपल्याकडे १८९७मध्ये अर्देशीर गोदरेजांनी मुंबईत लालबागला कुलपाचा कारखाना काढला. प्लेगच्या भीतीने मुंबईतली घरं ओस पडत होती ते वर्ष. त्या कुलपांमागचं लिव्हरचं तत्त्व मला आजही सुंदर वाटतं. आत पितळी पट्ट्या एकावर एक, आणि चावीने प्रत्येक पट्टी तिच्या ठरलेल्या उंचीवरच उचलली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या गोल चावीच्या कुलपांकडे मी वळलोच नाही. २००४मध्ये अमेरिकेत नावाजलेली तसली कुलपं लोकांनी साध्या बॉलपेनच्या नळीने उघडून दाखवली होती आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. कुलपाच्या वळलेल्या दांडीची दोन्ही टोकं आत पकडली जातात की एकच, तेही पाहायचं. एकच पकडलं असेल तर दांडी एका ठिकाणी कापून फिरवली की मोकळी.

साखळी घेतल्यावर ती न्यायची कशी, हे विक्रेता सांगत नाही. अंगाभोवती गुंडाळून गाडी चालवणारी पोरं मी पाहतो आणि त्यांना थांबवून सांगतो की पडलात तर बरगड्या त्या कड्यांवर आपटतील. हँडलला लटकवली तर वळणावर ती टाकी आणि हँडल यांच्यामध्ये सापडते. साडी गार्डला गुंडाळली तर एक टोक सुटून मागच्या आऱ्यांत जायला खड्डा पुरतो. मी ती जुन्या सायकलच्या ट्यूबमध्ये ओवली, म्हणजे रिमला ओरखडे नाहीत आणि खळखळाट नाही. मग कॅनव्हासच्या पिशवीत घालून मागच्या सीटवर रबरी पट्ट्याने दोन फेरे आवळून बांधतो. वजन सीटच्या मध्यावर राहिलं की गाडीचा तोल जात नाही.

लावायची पद्धतही तितकीच महत्त्वाची. साडी गार्डमधून किंवा लेग गार्डमधून साखळी ओवणारे पुष्कळ, पण ते गार्ड पान्याने बोल्ट सोडवला की निघून येतात. साखळी मागच्या चाकातून आणि चॅसीच्या नळीतून जायला हवी. ती जमिनीवर लोळू द्यायची नाही. जमिनीवर पडलेल्या कडीवर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर सगळं अंग टाकता येतं, हवेत लटकलेल्या कडीवर नाही. आणि नुसतं चाक जखडून भागत नाही. दोन माणसं हलकी मोटारसायकल उचलून टेम्पोत टाकतात, साखळीसकट. गाडी एखाद्या न हलणाऱ्या वस्तूला बांधलेली पाहिजे. खडकीत याबाबतीत आपलं भाग्य आहे. रेल्वेच्या आसपास जुन्या रुळांचे तुकडे खांब म्हणून रोवलेले आहेत. आगगाडी पेललेलं ते पोलाद कापायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

साखळीवर माझा भरवसा आहे, पण ती सगळ्यांच्या उपयोगाची नाही, हे मला गेल्या काही वर्षांत दिसू लागलं. माझ्या गल्लीतली तीन-चार मुलं जेवण आणि सामान पोचवायचं काम करतात. प्रत्येक दारात त्यांना दोन मिनिटं मिळतात. पिशवी सोडा, साखळी ओवा, कुलूप लावा, जिना चढा, पुन्हा सगळं उलटं करा, एवढा वेळ त्यांना कुणी देत नाही. चार किलोचं ओझं दिवसभर नेलं तर पेट्रोलही त्यांचंच जळतं. गाडी त्यांची स्वतःची, हप्ता त्यांचा, आणि ती गेली तर कामही गेलं. हे सगळे आजचे शिलेदार आहेत, पण त्यांच्यामागे रिसाल्याचा चंदा नाही. रोज त्यांच्याकडून काम घेणाऱ्यांनी थोडी थोडी रक्कम बाजूला टाकून असा फंड उभा केला तर एका रात्रीत कुणाचं घर बसणार नाही. ही कल्पना नवी नाही, याच पुण्याच्या नावाने चालणाऱ्या पलटणीत ती शंभर वर्षांपूर्वीपर्यंत रुळलेली होती.

तोवर मी त्यांना डिस्क लॉक घ्यायला सांगतो. मुठीत मावतं, पुढच्या डिस्कच्या भोकात दोन सेकंदांत बसतं. ते लावलं आहे हे विसरून गाडी पुढे काढली तर चाक जागीच अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो, म्हणून त्याच्यासोबत येणारी नारंगी दोरी लॉकपासून हँडलपर्यंत ताणून लावायचीच. ज्यांच्या गाडीला पुढे ड्रम ब्रेक आहे त्यांना डिस्क लॉक चालत नाही. त्यांच्यासाठी पुढच्या फोर्कला दांडा सरकून चाकात अडकणारं कुलूप बसवता येतं. ते गाडीलाच पक्कं राहतं, वाहून न्यावं लागत नाही. दोघांच्या गाड्यांना ते मी माझ्या दारात, माझ्या हत्यारांनी बसवून दिलं. बोल्टची डोकी आत घेतल्यावर घासून गोल केली, म्हणजे पाना लागणार नाही. तिसरा रविवारी यायचा आहे.